हातालाही परतफेडीची मुदत द्या

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत तालुक्यात काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी केलेलं हे भाषण. उतरवून घेताना बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. ज्या तायांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी गटाच्या बैठकीत हे मोठ्याने वाचून दाखवावं. – संपादक मंडळ)



बोलायला लागायच्या आधी एक काम सांगते. बसल्या जागी दोन्ही हात सरळ वर करा. दंड कानाला टेकू देत. हां, अस्संच. आता खाली घ्या.

मी इथून बघत होते. बऱ्याच जणींचे हात झर्रकन वर गेले. पण दहा-बारा जणींचा एक हात अर्ध्या वाटेवर थांबला. दोघींनी तर दुसऱ्या हाताने ढकलून तो वर नेला आणि शेजारणीकडे बघून हसल्या. आपण हसतो, कारण दुखणं नवं नाही. "कामाचा हात आहे, दुखणारच." "वय झालं." "वात आहे माझ्या अंगात." असं म्हणून आपण पुढच्या कामाला लागतो.

सचिन तेंडुलकरचा कोपर दुखला होता, आठवतंय का? २००४ साली. डावा कोपर. बॅट धरवेना. किती महिने पेपरात रोज सचिनचा कोपर! कितीतरी सामने त्याला सोडावे लागले, २००५च्या मे महिन्यात लंडनला ऑपरेशन झालं आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध तो परत खेळायला उतरला. त्या दिवशी ९३ धावा काढल्या. सगळ्या देशाला तेव्हा 'टेनिस एल्बो' हा शब्द पाठ झाला.

आता मला सांगा, तोच कोपर आपल्या पालशेतच्या नाहीतर आबलोलीच्या बाईचा दुखला तर कोणाला कळतं? घरात नवऱ्यालासुद्धा कळत नाही. दुखणं तेच आहे. कोपराच्या बाहेरच्या बाजूची तीच जागा. फरक एवढाच, की त्याला कामातून बाजूला व्हायला मुदत मिळाली, आणि आपल्याला कोणी देत नाही. आज मी त्या मुदतीबद्दलच बोलणार आहे.

माझी चूक आधी सांगते

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक काकी आल्या. काजूगर सोलायचं काम. उजव्या मनगटाला अंगठ्याच्या बाजूने सूज, चहाचा कप उचलवत नाही, नातवाला काखेत धरून उचललं की डोळ्यांत पाणी. सात महिने दुखत होतं. मी तपासलं, दुखणं ओळखलं, आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सांगितलं, "काकी, तीन आठवडे हाताला पूर्ण आराम द्या."

काकी हसल्या. म्हणाल्या, "डॉक्टरीणबाय, आराम करीन गो, पन हप्ता कोन भरील?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकी गेल्या त्या परत आल्याच नाहीत. दोन महिन्यांनी बाजारात भेटल्या तेव्हा मनगटाला फडकं गुंडाळलेलं होतं आणि मेडिकलमधून रोज दोन गोळ्या चालू होत्या.

मग मी त्यांच्या कामाच्या जागी जाऊन बसले. आधीच जायला हवं होतं. सुमारे १७०० साली इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे डॉक्टर होऊन गेले. कामगारांच्या आजारांवर पहिलं मोठं पुस्तक त्यांनी लिहिलं. ते म्हणायचे की रोग्याला बाकीचे प्रश्न विचाराल तेव्हा आणखी एक विचारा, तुम्ही काम काय करता? तीनशे वर्षांपूर्वीचा हा साधा प्रश्न मी नीट विचारला नव्हता. म्हणून तुम्हाला सांगते, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. "हात दुखतो" एवढंच सांगू नका. "मी रोज सहा तास काजू सोलते, या अंगठ्याने सुरी ढकलते" असं करून दाखवा. निम्मं निदान तिथेच होतं.

काकींच्या शेजारी बसून मी हिशोब केला. ३२० नंबरचा गर म्हणजे एका पौंडात तीनशे ते तीनशेवीस गर. म्हणजे किलोला साधारण सातशे. बाईने दिवसात पाच किलो सोलले तर साडेतीन हजार गर झाले. एका गराला अंगठ्याचा दोनदा जोर लागला तरी दिवसाला सात हजार वेळा अंगठा ढकलला गेला. मग घरी येऊन भाकऱ्या, धुणं, विहिरीचं पाणी. तोच अंगठा.

आत नेमकं काय होतं?

आपलं मांस, म्हणजे स्नायू, हाडाला थेट चिकटलेलं नसतं. मध्ये पांढरी, चिवट दोरी असते. तिला कंडरा म्हणतात, डॉक्टर टेंडन म्हणतात. हाताची मूठ वळून उघडा, मनगटाकडे बघा. त्या हलणाऱ्या दोऱ्या दिसतात ना, त्याच कंडरा. काही कंडरा अरुंद बोगद्यातून जातात, घोंगडीच्या काठातून नाडी जावी तशा.

आणि जिथे कंडरा किंवा कातडी हाडावर घासते तिथे देवाने छोटी गादी ठेवली आहे. बुळबुळीत पाणी असलेली पातळ पिशवी. तिला बर्सा म्हणतात. अंगात अशा दीडशेच्या आसपास पिशव्या आहेत. खांद्यात, कोपराच्या टोकावर, कमरेच्या बाजूला, गुडघ्याच्या वाटीवर आणि आपण ज्यावर बसतो त्या हाडांखालीसुद्धा.

आपल्या भाषेत सांगते. हात दिवसभर उचल घेतो. रोजच्या ओढाताणीत कंडरेचे बारीक बारीक धागे झिजतात. हे सगळ्यांचंच होतं, त्यात वाईट काही नाही. रात्री झोपेत, विसाव्यात शरीर ते धागे परत जोडतं, म्हणजे परतफेड करतं. पण उचल रोज मोठी आणि परतफेडीला वेळच नाही असं झालं की थकबाकी साठते. कंडरेला रक्ताचा पुरवठा स्नायूपेक्षा कमी असतो, त्यामुळे तिची परतफेड सावकाश होते. मांस दुखावलं तर आठ-पंधरा दिवसांत बरं होतं. कंडरेला दीड-दोन महिने, जुनं दुखणं असेल तर तीन-चार महिनेही लागतात. म्हणून चार दिवस गोळी खाऊन बरं वाटलं की "गेलं दुखणं" असं समजू नका. गोळीने दुखणं झाकलं गेलं, थकबाकी तशीच राहिली.

बर्साचं गणित वेगळं. तिच्यावर सतत दाब पडला, घासली गेली, की ती जास्त पाणी धरते आणि सुजते. दाब काढला की बहुतेक वेळा आपोआप ओसरते.

कुठे दुखतं आणि का?

आता एकेक जागा बघू. माझ्याबरोबर करून बघा, पण दुखलं तर जोर लावू नका.

अंगठा आणि मनगट. अंगठा तळहातात दुमडा, त्यावर बोटं मिटा आणि मूठ हळूच करंगळीच्या बाजूला झुकवा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला जोराची कळ आली तर तिथल्या दोन कंडरा बोगद्यात घासताहेत. काकींना हेच होतं. स्वित्झर्लंडच्या द केर्व्हें नावाच्या सर्जननी १८९५ साली याची नोंद केली म्हणून त्यांचं नाव याला मिळालं. पण त्याच्या दोन वर्षं आधीच इंग्लंडमधल्या शरीररचनेच्या एका प्रसिद्ध पुस्तकात या दुखण्याला 'धुणं धुणाऱ्या बाईचा लचका' असं म्हटलं होतं. बघा, नाव सर्जनचं लागलं, दुखणं बाईचं होतं. कपडे पिळणं, काजू सोलणं, रातांबे फोडणं, कोळंबी सोलणं या सगळ्यात हाच अंगठा. आणि बाळंतिणी! तान्ह्या बाळाला दोन्ही काखांत धरून उचलताना अंगठा फाकतो, त्यानेही हे होतं. घरात बाळंतीण असेल तर तिला बाळाच्या पाठीखाली आणि बुडाखाली तळहात घालून उचलायला शिकवा.

अडकणारं बोट. सकाळी उठल्यावर एखादं बोट दुमडलेलंच राहतं, दुसऱ्या हाताने सरळ केलं की 'टक' करून सुटतं. तळहाताच्या बाजूला कंडरेवर गाठ येते आणि ती बोगद्यात अडकते. विळा, सुरी, कोयती घट्ट धरणाऱ्या हातांत हे होतं. साखरेच्या आजारात, म्हणजे डायबेटिसमध्ये, जास्त होतं.

कोपर. पालथ्या हाताने खुर्ची उचलताना किंवा ओलं लुगडं पिळताना कोपराच्या बाहेरच्या हाडाशी कळ येते. हा सचिनवाला टेनिस एल्बो. टेनिस न खेळणाऱ्यांनाच जास्त होतो. नारळ सोलणं, भात कापणं, पापड लाटणं, मसाला कुटणं, जिथे मूठ घट्ट आणि मनगट हलतं तिथे तो येतो.

खांदा. हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात दुखतं, आणि रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. खांद्याच्या छताखाली कंडरा आणि बर्सा दोन्ही चेंगरतात. विहिरीतून कळशी ओढणं, डोक्यावर हंडा धरायला हात सतत वर ठेवणं, उंच फळीवर डबे चढवणं. पण खांदा सगळ्याच दिशांनी आखडत गेला, पाठीमागे हात जाईना, केस बांधता येईनात, तर त्याला 'फ्रोझन शोल्डर' म्हणतात. तोही साखरवाल्यांना जास्त होतो. अशा वेळी साखर तपासून घ्याच. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची साखर आणि बीपी सरकारी उपकेंद्रात फुकट तपासतात. आशाताईला विचारा.

गुडघा आणि बैठक. जमीन सारवताना, लादी पुसताना गुडघे टेकतो, तेव्हा वाटीच्या पुढच्या पिशवीवर दाब पडतो आणि लिंबाएवढी मऊ सूज येते. विळीच्या पाटावर, लाकडाच्या फळीवर तासन्‌तास बसलं की बसायच्या हाडांखालची पिशवी सुजते. बायका हे लाजून सांगत नाहीत. लाजायचं काही नाही. हातमागावर बसणाऱ्या विणकरांना हे पूर्वापार होत आलं आहे. आणि कळशी कायम एकाच कमरेवर घेणाऱ्या बाईला त्या बाजूच्या खुब्याशी दुखतं, कुशीवर झोपता येत नाही.

हे असेल तर थांबू नका

सगळंच दुखणं कंडरेचं नसतं. म्हणून काही खुणा पाठ करा.

गुडघ्यावरची किंवा कोपरावरची सूज लाल, गरम झाली आणि ताप आला, तर त्या पिशवीत पू होत असेल. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. चोळू नका, सुईने फोडू नका. गुडघ्याला ओरखडा असेल आणि त्याच गुडघ्यावर आपण सारवत असू, तर जंतू आत जायला तेवढं पुरतं.

रात्री अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर होतात, मुंग्या येतात, हात झटकावा लागतो, तर मनगटात नस दबते आहे. त्यावर वेळेत उपचार नाही केले तर अंगठ्याची ताकद जाते.

सकाळी दोन्ही हातांची लहान बोटं तासभर आखडलेली राहतात, सांधे सुजतात, तर तो संधिवात असू शकतो. त्याचं औषध वेगळं आणि ते लवकर सुरू व्हावं लागतं.

एकदम 'कट्‌' आवाज येऊन हात उचलेनासाच झाला तर कंडरा तुटली असेल.

आणि डाव्या खांद्यात, हातात दुखतंय, जोडीला छाती भरून येते, दरदरून घाम येतो, तर तेल लावत बसू नका. १०८ला फोन करा.

उपाय: पूर्ण आराम नको, योग्य विसावा हवा

आता काकींच्या प्रश्नाकडे येते. आराम केला तर हप्ता कोण भरील?

खरं सांगायचं तर कंडरेला पूर्ण आराम मानवतही नाही. हात महिनाभर गळ्यात अडकवून ठेवला तर कंडरा आणखी कमजोर होते आणि कामाला लागताच पुन्हा दुखते. तिला हवं असतं ते एवढंच: जी हालचाल दुखावते ती कमी करा, बाकीची चालू ठेवा, आणि ताकद हळूहळू वाढवा.

पहिले दोन-तीन दिवस सूज असेल तेव्हा बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन वेळा. कातडीला थेट बर्फ नको. फ्रीज नसेल तर माठातल्या पाण्याची घडी ठेवा. नंतर आखडलेलं वाटतं तेव्हा कोमट शेक चालतो. सुजलेल्या, गरम जागेवर शेक नको.

अंगठ्याच्या दुखण्यात अंगठ्यासकट मनगट धरणारा पट्टा तीन ते सहा आठवडे लावा. नुसता मनगटाचा पट्टा घेतला तर अंगठा मोकळाच राहतो, पैसे फुकट जातात. बर्साच्या सुजेत दाब काढणं हाच मुख्य उपाय: गुडघ्याखाली जाड गोधडीची घडी, पाटावर गादी, झोपताना दुखऱ्या कुशीवर न झोपणं.

मग व्यायाम. कोपरासाठी एक दाखवते. हात मांडीवर पालथा ठेवा, मनगट गुडघ्याच्या पुढे. पहिला आठवडा मूठ वर उचलायचा जोर लावा आणि दुसऱ्या हाताने ती तिथेच दाबून धरा. तीस आकडे मोजा. असं पाच वेळा. दुखणं उतरायला लागलं की अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली धरा. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर न्या, आणि खाली येताना एकट्याने, हळू, चार आकडे मोजत या. दहा ते पंधरा वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड.

खांद्यासाठी: भिंतीसमोर उभं राहून तळहात भिंतीवर ठेवा आणि बोटांनी चालत वर जा, दुखणं सोसवेल तिथपर्यंत. दहा वेळा. आणि दोन्ही खांदे मागे घेऊन पाठीचे फावडे एकमेकांकडे ओढा, पाच आकडे धरा, सोडा.

किती दुखलं तर चालेल? रुपयातलं चार आणे चालेल. आठ आणे झालं तर थांबा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर काल जास्त झालं, आज कमी करा. एवढा एक नियम लक्षात ठेवला तरी पुरे.

हे करू नका

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने दुखण्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाऊ नका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफिनॅक या गोळ्यांनी पोटात जखम होते, बीपी वाढतं, मूत्रपिंडावर ताण येतो. गरोदर बाई, अल्सरवाली, किडनीचा किंवा दम्याचा त्रास असलेली, बीपीची गोळी चालू असलेली, हिने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही घेऊ नये.

सुजेवर जोरजोरात चोळून घेऊ नका. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, त्याने बरं वाटतं. पण "गाठ मोडून काढते" म्हणून अंगठ्याने रगडणं म्हणजे घासलेल्या दोरीला आणखी घासणं. आणि डाग देणं, चटका देणं अजिबात नको. एक दुखणं होतं, त्याची दोन होतात.

कामच बदलायला हवं

काकींच्या गटात आम्ही काय केलं ते सांगते. जादू काहीच केली नाही.

सुऱ्यांची मूठ पेन्सिलीएवढी बारीक होती. तिच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून जाड केली. बारीक मूठ धरायला अंगठ्याला जास्त आवळावं लागतं, जाड मूठ सैल धरता येते. सुऱ्यांना दर दोन दिवसांनी धार. बोथट सुरीला लागणारा जादा जोर शेवटी अंगठाच देतो. गर नीट वाळला-तापला नसेल तर साल चिकटते, तेव्हा तो तसाच ओरबाडत बसायचं नाही, परत वाळवायचा. बसायला गादी, आणि पुढ्यात चौरंग, म्हणजे मान आणि खांदे खाली ओढले जात नाहीत.

मग पाळी लावली. सोलणं, निवडणं, वजन करणं, पाकीट बंद करणं. दर तासाने जागा बदलायची. आणि अर्ध्या तासाने दोन मिनिटं हात सोडून झटकायचे, मूठ उघडायची-मिटायची. एकीच्या मोबाइलवर घंटा लावली.

पण खरी अडचण अजून पुढेच होती. मजुरी किलोवर. सोलणारीला जास्त, निवडणारीला कमी. मग पाळी कोण बदलील? दुखणारी बाईसुद्धा जागा सोडीना. तेव्हा गटाने बसून ठरवलं, दिवसाचं सगळं काम एकत्र मोजायचं आणि तासांप्रमाणे वाटायचं. सोपं नव्हतं. ज्यांचा हात जलद त्या नाराज झाल्या. दोन बैठका भांडणात गेल्या. शेवटी एक वहिनी म्हणाली, "आज तिचा अंगठा गेला, उद्या माझा जाईल. मग मला कोन संभाळील?" तिथे विषय मिटला.

काकींचा अंगठा बरा व्हायला तीन महिने लागले. पट्टा, निवडायचं काम, मग हळूहळू व्यायाम. आजही हंगामाच्या गर्दीत कधी कधी कळ येते. पण आता त्या सात महिने थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी सांगतात, "मला वायच निवडाय बसवा." हप्ता एकही चुकला नाही.

शेतीच्या कामालाही हेच लागू आहे. आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दातेरी पात्याचा 'वैभव विळा' काढला, त्याने भात कापायला जोर कमी लागतो. आंबे काढायला 'नूतन झेला' आहे. नारळ उभ्याने तरफ दाबून सोलायचं साधन मिळतं. काजू फोडायला पायाने दाबायचं यंत्र आहे. प्रत्येकीने घ्यायला नको. ग्रामसंघाने एक घेतलं आणि गटांनी फिरवलं तरी चालतं. कर्ज देताना आपण म्हैस, शिलाई मशीन बघतो. हात वाचवणारं अवजार हेसुद्धा भांडवलच आहे.

आणि हंगाम सुरू होताना पहिल्याच दिवशी आठ तास बसू नका. आता शिमगा झाला की काजू, मग रातांबे, आंबा, मग पाऊस आणि लावणी. एका कामातून हात सुटतो तो दुसऱ्यात अडकतो. पहिल्या आठवड्यात थोडं थोडं वाढवा. हाताला सवय होऊ द्या.

प्रश्न आले ते

*एका ताईने विचारलं: इंजेक्शन घेऊ का?* जागेवर अवलंबून आहे. अडकणारं बोट आणि अंगठ्याचं दुखणं यात जाणत्या डॉक्टरने दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन चांगलं काम करतं. टेनिस एल्बोत मात्र काही आठवडे छान वाटतं, पण वर्षाने बघितलं तर इंजेक्शन घेतलेल्या लोकांचं दुखणं व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त राहिलेलं आढळलं आहे. साखर असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस ती वाढते, तेव्हा आधी सांगा. आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा घेऊ नका.

*दुसरीने विचारलं: ऑपरेशन लागतं का?* बहुतेकींना लागत नाही. तीन-चार महिने नीट उपाय करूनही फरक नाही, बोट अडकलंय ते सुटतच नाही, किंवा कंडरा तुटली आहे, तेव्हा डॉक्टर विचार करतात. आधी आपल्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा, गरज असेल तर ते पुढे पाठवतील.

*एक आजी म्हणाल्या: आमचे हात असेच गेले, आम्ही नाही कुरकुरलो.* आजी, तुम्ही सोसलंत म्हणून आम्ही शिकलो. पण तुमच्या सुनेने तेच सोसायला नको, एवढंच माझं म्हणणं.

जाता जाता

आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहेच. बैठकीत आपण बचत विचारतो, कर्ज विचारतो, परतफेड विचारतो. पुढच्या बैठकीपासून इतिवृत्तात एक ओळ वाढवा: "कोणाचा हात, खांदा, गुडघा दुखतोय? किती दिवस?" पंधरा दिवसांपेक्षा जास्त असेल तर तिचं काम बदला आणि तिला दाखवायला पाठवा, जमल्यास सोबत एक जण जा. दुखणं सांगणारी बाई कामचुकार नसते. तिने वेळेत सांगितलं तर ती महिन्या-दोन महिन्यांत परत तुमच्या पंगतीला बसते. लपवलं तर वर्ष जातं.

गटातल्या बाईचा हप्ता थकला तर आपण तिला मुदत देतो, तिच्या घरी जातो, मार्ग काढतो. तिचा हात थकला तरी तेच करायचं.

आता निघायच्या आधी पुन्हा एकदा सगळ्यांनी हात वर करा. आणि जिचा हात अर्ध्यावर थांबेल तिने आज हसायचं नाही. चहा होईपर्यंत मी इथेच बसले आहे, माझ्याकडे या.